पोळ्याचं आवतण

मिशिगनमधला पहिला हिवाळा मी खिडकीत उभं राहून काढला. बायको नर्स. गावाबाहेरच्या एका नर्सिंग होमनं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यानं, तिला बोलावून घेतलं आणि तिच्या कागदांवर मी आणि मुलगी आलो. साल दोन हजार तीन. सकाळी बायको ड्यूटीवर जायची, मुलगी पिवळ्या बसनं शाळेत, आणि मी घरात. माझी शाळा आठवीत सुटलेली. घरात बैल वळायला माणूस नव्हतं म्हणून सुटली, आणि पुढे कुणी परत जा म्हटलं नाही. इथे आल्यावर त्या सुटलेल्या शाळेचं ओझं रोज नव्यानं जाणवायचं. फोन वाजला की भीती वाटायची. कोण काय विचारील, आणि मला काय बोलता येईल? मी भाजी चिरता चिरता फोनकडे बघत राहायचो. तो वाजला नाही की त्याचे आभार मानायचो.

जवळच्या नोव्हाय नावाच्या गावात मराठी मंडळींचा गणपती असायचा. पहिल्या वर्षी गेलो. एका गृहस्थानं ताटात मसालेभात घेता घेता विचारलं, "आपण कुठल्या कंपनीत?" मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "ते सध्या सेटल होतायत." तिनं मला वाचवलं. गाडीत बसल्यावर मात्र एवढंच मनात आलं, की आपल्याला वाचवावं लागतं.

काम मिळालं तेही तिच्यामुळेच. तिच्या वॉर्डात एक म्हातारी होती. तिचा नवरा रोज दुपारी यायचा. कोटाला कायम कुत्र्याचे केस. म्हातारी त्या हिवाळ्यात गेली. सामान न्यायला आला तेव्हा हिनं त्याला सहज सांगितलं, की माझ्या नवऱ्यानं बैल राखलेत, शेळ्या राखल्यात, आणि आता तो घरात बसून सुकतोय. म्हातारा म्हणाला, पाठवून दे.

ती मला त्याच्या शेतावर सोडून गेली. मी दारात उभा. तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "मेंढरं ठाऊक आहेत?"

"नाही सर. शेळ्या. बैल."

"म्हणजे काहीच ठाऊक नाही." तो हसला. "घाबरतोस का?"

खोटं बोलायला लागणारं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, "हो."

"बरंय. मेंढरंही घाबरतात. जमेल तुमचं."

असं त्यानं मला ठेवून घेतलं. गवताचे भारे ओढायचे, पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडायचा, मेंढ्या व्यायला लागल्या की कोकरं पुसून कोरडी करायची. संध्याकाळी बायको न्यायला यायची तेव्हा अंगाला लोकरीचा तेलकट वास असायचा आणि मला कितीतरी महिन्यांनी भूक लागलेली असायची. त्या माणसाचे उपकार मी काय सांगू! त्यानं मला दमवलं.

आणि त्याची कुत्री. काळी-पांढरी, गळ्याभोवती पांढरीशुभ्र आयाळ. इकडे मेंढरं राखायला हीच जात ठेवतात. नाव इथे लिहीत नाही. वाऱ्यात लांबून हाक मारायला सोपं, असं एवढंसं नाव होतं. तिच्यासमोरच मी "कुत्री, कुत्री" म्हणायचो तर बायको चिडायची. "अहो, शिवी दिल्यासारखं काय बोलता? तिला ऐकू येतं."

"तिला मराठी कुठं येतं?"

"तुम्हाला इंग्रजी येत नाही, तरी कुणी शिवी दिली तर कळतंच ना?"

ती भुंकायची नाही. चावायचीही नाही. नुसती बघायची. पोट जमिनीला टेकवून, मान खाली घालून ती मेंढरांकडे अशी बघायची की सगळा कळप वळायचा. मी मागं उभा राहून ते बघायचो आणि मला वाटायचं, अशा नजरेनं आपल्याकडे कुणी बघितलं तर आपणही जाऊ, जिकडे म्हणेल तिकडे.

उन्हाळ्यात शनिवार-रविवारी म्हातारा तिला स्पर्धेला न्यायचा. पहिल्यांदा त्यानं आम्हा तिघांनाही गाडीत घातलं. मला वाटलं आमच्याकडच्या बैलांच्या शंकरपटासारखं असेल. धुरळा, आरडाओरडा, जिंकलेल्या बैलांवर गुलाल. इथे एक भला मोठा हिरवा माळ, घडीच्या खुर्च्या, मांडीवर ब्लँकेटं घेतलेली माणसं आणि कुणी खोकतसुद्धा नाही. माळाच्या एका टोकाला माणूस खांबाशी उभा राहतो. दुसऱ्या टोकाला, माणूस बोटाएवढा दिसेल इतक्या लांब, चार-पाच मेंढरं सोडतात. कुत्र्यानं मोठा वळसा घेऊन त्यांच्या मागं जायचं, त्यांना न पळवता सरळ रेषेत मालकाकडे आणायचं, फाटकांमधून फिरवायचं आणि शेवटी छोट्या कोंडवाड्यात घालायचं. मालकानं जागेवरून फक्त शिट्टी वाजवायची. पंच गाडीत बसून चुका मोजतो. जनावर दमलं किंवा काही बिघडलं असं वाटलं, तर मालक काठी वर करतो, पंचाचे आभार मानतो आणि आपणहून मैदान सोडतो. त्यात कमीपणा नाही, असं म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं. "कमीपणा कशात आहे? दमलेल्या कुत्र्याला पळवत राहण्यात."

मुलगी त्या खुर्च्यांमधून फिरत सगळ्यांशी इंग्रजीत गप्पा मारायची. बायको थर्मासमधला चहा वाटायची. आम्ही कुठून आलो, हे तिथं कुणी विचारायचं नाही. कुणाच्या कुत्र्याबरोबर आलात, एवढंच विचारायचे. माझ्याकडे त्याचं उत्तर होतं.

दुसऱ्या वर्षी वसंतात एका सकाळी मी गोठ्यात गेलो तर म्हातारा भिंतीला टेकून उभा. काहीतरी बोलला, मला समजलं नाही. मला वाटलं माझंच इंग्रजी कमी पडतंय. दोनदा "सॉरी सर" म्हटलं. मग बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "त्यांना हसायला सांगा." मला वाटलं हिला वेड लागलं. "सांगा हो! दोन्हीकडून हसतायत का बघा." मी म्हाताऱ्याला हसायला सांगितलं. तो अर्धाच हसला. पुढचं सगळं तिनं केलं. अँब्युलन्स, हॉस्पिटल, सगळं.

अर्धांगाच्या झटक्यातून तो वाचला, पण तोंडाची उजवी बाजू लोंबती राहिली. त्याची शिट्टी म्हणजे पत्र्याची दुमडलेली अर्धी चकती, जिभेवर धरून फुंकायची. त्याला ती आता ओठांत धरता येईना. फुंकर निसटून जायची. कुत्री त्याच्या पायाशी बसून कान टवकारायची, आणि नुसत्या हवेचा आवाज ऐकून त्याच्याकडे बघत राहायची. एकदा त्यानं शिट्टी गवतात फेकून दिली. तिनं ती तोंडात धरून परत आणली आणि त्याच्या बुटावर ठेवली. मी तिकडे पाठ केली आणि उगाच भारे रचत राहिलो.

मग त्यानं मला शिट्टी शिकवली. महिना-दीड महिना माझ्या तोंडातून केटलीसारखे आवाज येत होते. मुलगी पोट धरून हसायची. "बाबा, शी थिंक्स यू आर डाइंग!" हळूहळू जमलं. डावीकडे, उजवीकडे, थांब, चाल पुढे. आणि शेवटची, लांब उतरत जाणारी शिट्टी: काम संपलं, ये परत. ती मला सगळ्यात आधी जमली. म्हातारा म्हणाला, आळशी माणसाला तीच आधी जमते.

अ‍ॅरिझोनातून त्याचा मुलगा आला. चांगला माणूस होता, माझ्याशी हात मिळवून बोलला. उन्हाळा संपला की शेत विकायचं आणि वडिलांना तिकडे न्यायचं, असं त्यानं ठरवलं. मेंढरं लिलावात जाणार होती. राहिली कुत्री. तिकडे त्या उन्हात, त्या बिल्डिंगमध्ये तिला नेता येणार नव्हतं. म्हाताऱ्यानं मला समोर बसवलं. एकेक शब्द वेचून बोलला. केंटकीतल्या एका बाईकडे मोठा कळप आहे. तिला तयार कुत्रं हवंय. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुटीत जी स्पर्धा असते तिला ती येणार आहे. तिच्यासमोर कुत्रीला तू पळव. चांगली पळाली तर ती घेऊन जाईल.

"हिला मेंढरं हवीत," तो म्हणाला. "कामाशिवाय हिचं आयुष्य म्हणजे शिक्षा. कबूल कर."

मी कबूल केलं. त्यानं माझ्यासाठी जे केलं होतं त्यापुढे हे काहीच नव्हतं. रात्री जेवताना घरी सांगितलं. मुलगी ताटावरून उठली. "वी कॅन कीप हर! बाबा, प्लीज!"

"अगं, अपार्टमेंटमध्ये? ती काय करेल इथे?"

"व्हॉट डू यू डू इन अपार्टमेंट?"

बायकोनं तिला दटावलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. एरवी उगाचच घाबरतो.

स्पर्धा शनिवारी होती. शुक्रवारी आम्ही तिघं शेतावरच राहायला गेलो, म्हाताऱ्याला सकाळी तयार करायला सोपं म्हणून. जाताना बायको म्हणाली, "अहो, उद्या पोळा आहे."

मी महिनाभर त्या शनिवारची धास्ती घेतली होती आणि कॅलेंडरात हे बघितलं नव्हतं. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. माझे वडील त्या दिवशी बैलाला नुसतं "चल" म्हणताना आवाज खाली घ्यायचे. वर्षभर राबलेल्या जनावराचा तो एकच दिवस.

"असू दे," मी म्हटलं. "बैल कुठाय आपल्याकडे?"

"राबणारं जनावर तर आहे."

"मग काय करू? त्या केंटकीच्या बाईला सांगू, आज आमच्याकडे सुटी, उद्या या?"

"मी कुठं तसं म्हटलं? खांदे तर मळू तिचे. काम झाल्यावर जेवायला घालू."

तेवढ्यानं मलाही जरा बरं वाटलं. संध्याकाळी गोठ्यासमोर तिनं वाटीत तूप आणि हळद कालवली. मी कुत्रीचे खांदे मळले, बैलाचे मळतात तसे, दोन्ही अंगठ्यांनी. ती डोळे मिटून उभी राहिली. म्हातारा खुर्चीतून बघत होता. आणि खांदे मळता मळता, कितीतरी वर्षांनी, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आज आवतण घे, उद्या जेवायला ये." वडील बैलाच्या कानाशी म्हणायचे तसं.

"काय म्हणतोय?" म्हाताऱ्यानं मुलीला विचारलं.

मुलीनं इंग्रजीत सांगितलं, बाबा तिला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतायत.

"आणि मला?"

"तुम्हालाही," बायको म्हणाली.

सकाळी मी म्हाताऱ्याची दाढी केली, त्याला शर्ट चढवला, बुटाचे बंद बांधले. बाहेर आलो तर कुत्री पायरीवर बसून तोंड चाटत होती. वाटलं पाणी प्यायली असेल. तिची पांढरी आयाळ हळदीनं पिवळीधमक झाली होती. ती रात्रीतून उतरेल असं मला वाटलं होतं. मैदानावर माणसं वळून बघायला लागली. केंटकीची बाई हॅट मागं सारून हसली. "ही नवीन जात का?"

आमची पाळी आली. मी खांबाशी उभा राहिलो. ओठ कोरडे. मागं म्हातारा, बायको, मुलगी आणि ती बाई. शिट्टी दिली आणि कुत्री सुटली. काय गेली! काळी रेघ ओढल्यासारखी माळाच्या कडेनं, रुंद, गोल, मेंढरांना कळूही न देता त्यांच्या मागं. तिथं थांबली. हळूच पुढे झाली. आणि पाचही मेंढरं चालत, खरोखर चालत, पहिल्या फाटकातून सरळ माझ्याकडे यायला लागली. मला मागं वळून म्हाताऱ्याचा चेहरा बघायचा होता. बघितला नाही. पण मला कळत होतं की हे जमतंय, मी कबूल केलेलं होतंय आणि ही आता जाणार.

मेंढरं माझ्या मागून फिरवून पुन्हा पुढे न्यायची होती. तिथे कुत्री मंदावली. शिट्टी दिली, दोन पावलं टाकली, थांबली. पाठीची कमान केली. मला वाटलं काटा लागला. मग तिनं मान खाली घातली आणि ओकली. एकदा, दोनदा. मेंढरांनी तेवढ्यात ओळखलं. शेपट्या उडवत ती आली होती त्या कोपऱ्याकडे पळाली. कुत्री तशाही अवस्थेत त्यांच्या मागं निघाली. मी काठी वर केली. पंचाचे आभार मानले. लांब उतरत जाणारी शिट्टी दिली.

मी तिच्याकडे चालत गेलो. गवतात पिवळं काहीतरी पडलं होतं. वाकलो. वेलचीचा वास आला.

परत आल्यावर बायकोला बाजूला घेतलं. "तू तिला पुरणपोळी घातलीस?"

"जास्त नाही."

"किती?"

"तूप लावून. एक. मग तिनं माझ्याकडे बघितलं."

"म्हणजे दोन!"

"सणाचा नैवेद्य आहे, मोजून कसा घालायचा? आणि आवतण तुम्ही दिलं होतंत. मी दिलं होतं का?"

"काम झाल्यावर घालू म्हणाली होतीस! ऑपरेशनला न्यायच्या पेशंटला तू पाण्याचा थेंब देत नाहीस, आणि हिला पळायच्या आधी?"

"ते पेशंट असतात," ती म्हणाली. "ही घरची आहे." आणि पदर नसताना पदरानं पुसतात तसं तिनं हातानं तोंड पुसलं. तिनं ते मुद्दाम केलं की भाबडेपणानं, हे मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारत नाही. हिनं मला अमेरिकेपर्यंत ओढून आणलं. तिला मी हे कसं विचारू?

केंटकीची बाई आली. कुत्रीच्या पोटावरून हात फिरवला, दात बघितले. "आजारी आहे का?"

"नाही. पोट भरलंय," मी म्हटलं. "आज तिचा सण आहे."

ती गोड हसली. हिचं वयही जरा झालंय, म्हणाली. दुपारी दुसऱ्याच कुणाचा तरुण कुत्रा घेऊन गेली.

म्हाताऱ्याला सगळं मुलीनं सांगितलं. मी मान खाली घालून समोर उभा. मग त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हलायला लागली. तो हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "मलाही आमंत्रण होतं," तो म्हणाला. बायकोनं डबा उघडला. त्यानं घडीच्या खुर्चीत बसून पुरणपोळी खाल्ली. तूप लोंबत्या बाजूनं ओघळत होतं आणि ती ते टिपत होती. कुत्री त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पडली होती. खाऊन झाल्यावर तो मला म्हणाला, "आता तुलाच बघावं लागेल." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दोन आठवड्यांत मेंढरं गेली. मग म्हातारा मुलाबरोबर अ‍ॅरिझोनाला गेला. शेतावर पाटी लागली. कुत्री आमच्याकडे आली.

पहिल्या आठवड्यात ती पार्किंगमधल्या पोरांना वळवून एका कोपऱ्यात उभी करायची. पोरांना मजा वाटायची, आयांना नाही. तक्रार गेली, मी माफी मागितली, त्यानंतर तिला दोरीशिवाय सोडलं नाही. मुलगी शाळेतून आली की खेळायची, पण पोरगी मोठी होत होती, तिलाही तिची कामं होती. बाकी वेळ कुत्री दाराशी पडलेली. पोट जमिनीला, मान खाली, नजर दारावर. मला नर्सिंग होमच्या लाँड्रीत काम मिळालं होतं. घरी आलो की ती उठायची, मी एकटाच आलोय असं बघायची, पुन्हा पडायची. म्हाताऱ्यानं सांगितलेली शिक्षा आता मी रोज डोळ्यांनी बघत होतो. बायकोही बघत होती. पोळी लाटताना तिच्यासाठी एक आधी काढून ठेवायची, आणि कुत्री ती हुंगून तशीच ठेवायची.

रविवारी म्हाताऱ्याचा फोन यायचा. त्याला शब्द जुळवता यायचे नाहीत, मला आधीपासूनच यायचे नाहीत. आमचं इंग्रजी आता सारखं झालं होतं. त्या फोनची मला कधी भीती वाटली नाही. तो कुत्रीबद्दल विचारायचा, "काम?" मी म्हणायचो, "नाही सर." ठेवताना तो "सर नको" म्हणायचा.

पुढच्या थंडीच्या शेवटी फोन आला तो मुलाचा होता. वडील गेले, म्हणाला.

त्या रविवारी मी कुत्रीला घेऊन शेतावर गेलो. ते अजून विकलं गेलं नव्हतं. फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतं. बर्फ नुकताच वितळलेला, माळ तपकिरी, पाणथळ. गाडीतून उतरताच तिचे कान उभे राहिले. इथे कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी शिट्टी कोटाच्या खिशात होती. का काढली, सांगता येत नाही. त्याच्यासाठी काहीतरी करावं, एवढंच वाटलं. मी तिला पाठवलं.

ती गेली. वय झालं होतं, मागचा पाय जरा ओढत होता, तरी तोच वळसा. माळाच्या कडेनं, रुंद, गोल, कुणालाही न बिचकवता. टोकाला पोचली, जिथं मेंढरं असायची तिथं. थांबली. पोट टेकवलं. समोर रिकामं गवत. तिनं मान वर करून इतक्या लांबून माझ्याकडे बघितलं. चूक तिची की माझी, ते तिला समजत नव्हतं.

मी लांब उतरत जाणारी शिट्टी दिली. दोनदा द्यावी लागली. ती चालत परत आली, चिखलानं भरलेली, आणि माझ्या बुटांपाशी बसली. मी खाली बसून तिचे खांदे मळले. हळद नव्हती, तूप नव्हतं. "बास," म्हटलं. "झालं आता काम." त्यानंतर तिला मी पुन्हा कधी पाठवलं नाही.